ज्या राष्ट्रगीताला शब्द नाहीत

जिंतूरकर सरांना पूर्णेत कुणी वाईट म्हणत नसे. म्हणजे तोंडावर म्हणत नसे, आणि पाठीमागे म्हणायचं तर आधी मागे वळून बघावं लागे. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी भूगोल शिकवला होता आणि उरलेल्या अर्ध्यांच्या मुलांना. त्यामुळे बँकेत, तहसिलीत, दवाखान्यात, कुठंही गेलं तरी त्यांचा एखादा विद्यार्थी टेबलामागे बसलेला असायचाच. सर आत आले की तो उभा राहायचा. 'बस, बस,' असं सर म्हणायचे, पण तो पुरता उभा राहिल्यावर.

सर छडी वापरत नसत. त्यांना गरजच नव्हती. जीभ होती ना. बुटका बांधा, इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता कपाळाकडे बघायची सवय. तिथं काही चुकीचं लिहिलंय आणि ते आता खोडायचंय, अशी ती नजर. आमची मराठवाडी बोली त्यांना चालत नसे. त्यांच्यासमोर 'जायलाय', 'करायलाय' असं कुणी म्हटलं की ते खिडकीबाहेर बघत बसायचे, माणूस वाक्य दुरुस्त करेपर्यंत. मी पोस्टात वीस-बावीस वर्षं काढली, साहेब लोकांची बोलणी खाल्ली, पण त्या खिडकीबाहेर बघण्याइतका अपमान माझा कुणी केला नाही.

तरी मी त्यांच्याकडे जायचो. मी एकटाच नाही, आम्ही बरेच जण. कारण साधं होतं. सरांच्या वरच्या खोलीत मोठा टीव्ही होता आणि लाईट गेली तरी तो इन्व्हर्टरवर चालायचा. पूर्णा हे जंक्शनचं गाव. फुटबॉलचा नाद आमच्याकडे रेल्वेनं आणला. रेल्वेच्या मैदानावर एके काळी रोज संध्याकाळी धूळ उडायची, लोको शेडची टीम नांदेडपर्यंत जाऊन खेळून यायची. ते सगळं संपलं, पण नाद राहिला. वर्ल्डकप आला की तो उफाळून यायचा आणि आम्हाला सरांचा जिना चढायला लावायचा. सरांनी स्वतः आयुष्यात बॉलला पाय लावला नव्हता. त्यांना मॅचमध्ये रस नव्हताच. त्यांना रस होता मॅचच्या आधीच्या राष्ट्रगीतात.

त्यांचा नियम असा होता. तुम्ही ज्या देशाच्या बाजूचे, त्या देशाचं राष्ट्रगीत लागलं की उभं राहायचं. आणि उभे राहिलात की त्या गीताचा अर्थ सांगायचा. सांगता आला तर खुर्ची. नाही आला तर दाराजवळ, चपलांशेजारी पोत्यावर बसून मॅच बघायची. 'दुसऱ्याच्या वरातीत नाचता ना?' सर म्हणायचे, 'नाचा. पण नवरदेवाचं नाव तरी माहीत असू द्या.' स्वतः ते कुणाच्याच बाजूचे नव्हते. आपला देश तिथं खेळत नाही, म्हणून ते कुठल्याही गीताला उठत नसत. वेताच्या खुर्चीत बसून सगळ्यांची परीक्षा घ्यायचे. अर्थ त्यांनी आधीच मोबाईलवर वाचून पाठ केलेले असायचे.

आता ह्यातून काय झालं बघा. जगात माणूस संघ निवडतो तो खेळ बघून, नाहीतर एखादा खेळाडू आवडला म्हणून. आमच्या पूर्णेत लोक गीताची लांबी बघून संघ निवडायला लागले. उरुग्वेचं गीत संपता संपत नाही, म्हणून उरुग्वेला आमच्याकडे एकही माणूस उरला नाही. जपानचं आखूड. त्यामुळे रशियातल्या वर्ल्डकपच्या वेळी त्या खोलीत जपानच्या बाजूनं इतकी माणसं उभी राहिली की टोकियोतसुद्धा कुणाला खरं वाटलं नसतं. ब्राझीलसाठी पूर्वी जीव टाकणारे दोन शिक्षक होते. एकदा चपलांजवळ बसावं लागल्यावर त्यांनी गुपचूप देश बदलला. भीतीनं माणूस काय काय सोडतो ते मी तिथं पाहिलं.

वाद मात्र जोरात व्हायचे. आपला देश नसताना दुसऱ्याच्या देशाला आपलं म्हणावं का, त्याच्या गीताला उभं राहणं म्हणजे आदर की लाचारी, ह्यावर चहा गार होईपर्यंत बोलणं चालायचं. अन्वर कापडवाला सरांच्या तोंडाला लागणारा एकटाच. तो लहानपणापासून जर्मनीचा. तो एकदा म्हणाला, 'सर, खेल अच्छा लगा तो दिल उधर जाता. इसमें मुल्क का क्या सवाल है?'

सरांनी त्याच्या कपाळाकडे बघितलं. 'तुझं मन जर्मनीकडे कसं काय गेलं? तुझं तर मोरोक्को पाहिजे. नाहीतर सौदी.'

अन्वरनं टी-शर्टची बाही सारखी केली आणि म्हणाला, 'मेरे कू उनका गोलकीपर पसंद है, सर. उसका मजहब मैं पूछा नहीं.'

सर हसले. अगदी मनापासून हसले. 'वा, उत्तर चांगलं आहे. आता अर्थ सांग.' अन्वरला तो नीट सांगता आला नाही आणि सरांनी त्याला पोत्यावर पाठवलं. तो गेलाही. पुढच्या दोन मॅचना आला नाही, तिसरीला आला. मीसुद्धा त्याला काही विचारलं नाही.

आपल्या राष्ट्रगीताला मात्र सर उठायचे, आणि कसे उठायचे. आशियातल्या कुठल्या तरी स्पर्धेत आपला संघ खेळत होता. दुपारची मॅच. गीत सुरू झालं, सर ताठ उभे, आम्ही सगळे ताठ उभे. तेवढ्यात काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहाचं पातेलं पदरानं धरून जिना चढून दारात आल्या. गीत चालू आहे म्हटल्यावर तिथंच थांबल्या. पातेलं नुकतंच गॅसवरून उतरवलेलं. पदर पातळ. मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. त्यांच्या पायाशी जागा होती, पण त्या वाकल्या नाहीत, कारण सर त्यांच्याकडे बघत होते. गीत संपल्यावर त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि हात पदरात लपवला. सर म्हणाले, 'येण्याआधी ऐकून घ्यायचं असतं.' एवढंच. काकू म्हणाल्या, 'हो.' त्या दिवशीचा चहा मला नको वाटत होता, पण मी प्यायलो.

ह्या सगळ्यात एक माणूस असा होता की ज्याच्यावर सरांची विशेष मर्जी. गजानन मोटारवाला. जळालेल्या मोटारी, पंखे, मिक्सर दुरुस्त करायचं त्याचं दुकान स्टेशन रोडला आहे. सरांचा इन्व्हर्टर त्यानंच बसवलेला. चांगला कारागीर, मनानं सरळ, पण बोलताना अडकायचा. थोडाथोडका नाही. एखाद्या अक्षरावर गाडी थांबली की मान वाकडी व्हायची, डोळे मिटायचे, आणि बघणाऱ्याला आपलाच श्वास कोंडल्यासारखं व्हायचं. शाळेत सर त्याला मुद्दाम उभं करायचे आणि आपल्या देशाचे शेजारी विचारायचे. तो पहिल्या नावावर अडकला की घड्याळ बघायचे. 'तुझं उत्तर येईपर्यंत सीमा बदलतील रे,' असं म्हणाले की वर्ग हसायचा. ते वाक्य पुढं गावात वापरात आलं. गजानन चौतीस वर्षांचा झाला तरी लोक त्याला ते ऐकवायचे.

गजानन स्पेनचा होता. का, ते त्यानं मला एकदा दुकानात सांगितलं. स्पेनच्या राष्ट्रगीताला शब्दच नाहीत, नुसती धून आहे. 'त-त्यांचे समदे खेळाडू त-तोंड मिटून उभे ऱ्हातात,' तो म्हणाला. 'मला लय ब-बरं वाटतं बघून.'

रशियाच्या वर्ल्डकपला स्पेनची धून लागली आणि गजानन उभा राहिला. सरांनी नेहमीसारखा अर्थ विचारला. ह्या देशाची तयारी त्यांनी केली नव्हती, आम्हाला ते नंतर कळलं. गजाननची मान वाकडी झाली. तो बोलेपर्यंत अन्वरच म्हणाला, 'सर, उसमें लफ्जच नहीं हैं. क्या बोलेगा वो?' सरांनी मोबाईल काढला, बघितलं, परत खिशात ठेवला. 'बस,' म्हणाले. गजानन खुर्चीत बसला. पूर्ण वर्ल्डकप तो असा बसला, जणू खुर्ची त्याच्या वडिलांनी घेऊन ठेवली होती. आम्हाला गंमत वाटली. सरांना वाटली नाही. मी त्यांना पुष्कळ वर्षं बघत होतो. आपण कुठं हरलो ते हा माणूस विसरत नसे.

कतारचा वर्ल्डकप आला तेव्हा गजाननची एक सोयरीक ठरत आली होती. आधीची सगळी स्थळं एकाच कारणानं मोडलेली. मुलीकडचे यायचे, चहा-पोहे व्हायचे, कुणीतरी त्याला नाव विचारायचं आणि कार्यक्रम तिथंच संपायचा. ही मुलगी ताडकळसची, सविता. ह्या दोघांचं फोनवर बोलणं सुरू झालं होतं. 'ती थ-थांबते,' गजानन मला म्हणाला. 'मधी बोलत न्हाई. म-माझं होऊ देते.' हे सांगताना त्याच्या तोंडावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. चौतीस वर्षांत त्याला पहिल्यांदा कुणीतरी थांबणारं भेटलं होतं, आणि त्याला ते काही करून गमवायचं नव्हतं.

सविताचे वडील मारोतराव. रेल्वेतून रिटायर झालेले, आता शेती बघायचे. तरुणपणी लोको शेडच्या टीममध्ये बॅक खेळलेले. पोरगा अडकतो हे त्यांच्या कानावर होतं, पण किती ते माहीत नव्हतं. त्यांनीच निरोप पाठवला. 'घरात पाहिलं की पोरगं पाव्हण्यागत बसतं. तुमच्याकडं मॅच बघायला चार माणसं जमतेत म्हणे. तिथंच येतो. चार माणसांत पोरगं कसं हाय ते कळतं.' आणि मॅच होती स्पेन आणि मोरोक्कोची.

त्या दिवशी सकाळी गजानन मला घेऊन सरांकडे गेला. सर ओट्यावर दाढी करत होते. गजाननला एकच वाक्य बोलायचं होतं, आज मला काही विचारू नका. त्याला ते बोलायला इतका वेळ लागला की सरांच्या गालावरचा साबण वाळला. पण सर थांबले. घड्याळ बघितलं नाही, मधे बोलले नाहीत. मग म्हणाले, 'नाही विचारणार. स्पेनला शब्द नाहीत, विचारण्यासारखं आहेच काय? मी काय राक्षस आहे का?' परत येताना गजानन वाटेत शीळ घालत होता.

मॅच रात्रीची होती. मारोतराव वेळेआधीच आले. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, पायात बूट. सरांनी त्यांना पुढच्या रांगेत आपल्याशेजारी बसवलं. सरांनी मनात आणलं तर ते फार गोड बोलत. जुन्या मॅचच्या आठवणी काढल्या, काकूंना खास चिवडा आणायला सांगितला. मारोतराव खूश झाले. गजानन मागच्या खुर्चीत नवा शर्ट घालून बसला होता आणि मारोतराव मागं वळून बघायचे तेव्हा मान हलवायचा. सगळं छान चाललं होतं.

दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. स्पेनची धून सुरू झाली. गजानन उभा राहिला. खोलीत दुसरं कुणी स्पेनचं नव्हतं.

'पाव्हणे, आमच्याकडे एक पद्धत आहे,' सर मारोतरावांना म्हणाले. 'जो उभा राहतो त्यानं अर्थ सांगायचा. आता ह्याच्या देशाच्या गीताला शब्द नाहीत. त्यामुळे हा गेला वर्ल्डकप फुकट खुर्चीत बसला. पण मी विचार करतोय. शब्द नाहीत म्हणून अर्थ नाही, असं कसं? सनईला शब्द असतात का? तरी लग्न लागलं हे कळतंच ना?'

लग्नाचं नाव निघाल्यावर खोली हसली. सरांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद केला.

'तर गजानन, सांग. ह्या धुनेचा अर्थ तुझ्या शब्दांत. सावकाश. आम्हाला काही घाई नाही.'

गजाननचं तोंड उघडलं. 'त्… त्… त्…' मान वाकडी झाली. पडद्यावर खेळाडूंनी हात मिळवले, टॉस झाला, सगळं आवाजाविना. मी म्हणालो, 'सर, जाऊ द्या.' सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. मॅच सुरू झाली तरी त्यांनी आवाज सोडला नाही. मग मारोतरावांकडे वळून ते म्हणाले, 'तिकडे खेळ सुरू झाला, आमचा गडी अजून टॉसलाच आहे.'

काय सांगू, सगळे हसले. ज्यांना ह्याच खोलीत चपलांजवळ बसवलं होतं तेसुद्धा हसले. तेच जास्त हसले. अन्वर तेवढा खाली बघत होता. मारोतराव हसले नाहीत. ते टीव्हीकडे बघत राहिले, जसं काही त्या बिनआवाजाच्या मॅचमध्ये त्यांचा जीव अडकलाय. गजानन खुर्चीत परत बसला नाही. कुणी न सांगता दाराजवळ गेला आणि पोत्यावर बसला. तेव्हा सरांनी आवाज सोडला.

हाफटाईमला मारोतराव उठले. त्यांना ताडकळसला मोटरसायकलवर परत जायचं होतं. मी जिन्यापर्यंत सोडायला गेलो. ते म्हणाले, 'पोरगं चांगलं हाय हो. हातात कला हाय, वळण हाय. पण आमच्या पोरीनं जन्मभर एकटीनंच बोलायचं का?' मी म्हणालो, सर मुद्दाम करत होते. ते म्हणाले, 'सर कशाला मुद्दाम करतील? एवढा शिकलेला माणूस.' चौथ्या दिवशी निरोप आला की सध्या राहू द्या, पुढं बघू. पुढं बघू म्हणजे काय ते आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. सविताचा फोन लागेनासा झाला.

स्पेन त्या रात्री पेनल्टीवर हरला. एकही पेनल्टी आत गेली नाही. 'समर्थकाचा गुण लागला,' असं सर म्हणाले आणि ते वाक्यही गावभर झालं.

सोयरीक मोडल्यावर मी सरांकडे गेलो आणि बोललो. मला राग आला होता आणि मी तो लपवला नाही. तुम्ही शब्द दिला होता, म्हणालो. सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या कपाळाकडे बघत म्हणाले, 'मी त्याला प्रश्न विचारला नाही. मी पाहुण्यांशी चर्चा केली. आणि त्या मुलीवर मी उपकारच केले आहेत. हे लग्नानंतर कळलं असतं तर?' मी जिना उतरलो. आणि फायनलला परत तिथंच गेलो, हेही खरं. सगळेच गेलो. टीव्ही मोठा होता.

गजाननचं तर मला आणखी नवल वाटायचं. इन्व्हर्टर बंद पडला की सर त्याला बोलवायचे आणि तो जायचा. पैसे घ्यायचा नाही. मी एकदा चिडून विचारलं, तुला लाज वाटत नाही का? तो म्हणाला, 'ए-एक डाव तरी म्हणतील, चुकलं म्हणून. म-मला तेवढंच पाहिजे.' काम झालं की तो थोडा वेळ तिथंच बसायचा, सर बोलतील म्हणून. सर पेपर वाचायचे. कधी म्हणायचे, 'झालं ना? मग बसलास का?'

मागच्या हिवाळ्यात सर गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही, असं लोक म्हणाले. तेव्हाही कुणी मागं वळून बघितल्याशिवाय काही बोललं नाही.

शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. सरांचा हार घातलेला मोठा फोटो. फोटोतही ते समोरच्याच्या कपाळाकडेच बघत होते. गजानन माझ्याशेजारी बसला होता. 'आज मी ब-बोलणार,' तो म्हणाला. 'समद्यांसमोर. त्यांनी क-काय केलं ते.' मी त्याला अडवलं नाही. एकामागून एक लोक बोलत होते. शिस्त, ज्ञान, राष्ट्रप्रेम. ब्राझील सोडलेल्या शिक्षकांपैकी एकजण म्हणाला की सरांनी आम्हाला प्रत्येक देशाचा आदर करायला शिकवलं. मग सूत्रसंचालकानं विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय का, आणि गजानन उठला.

तो माईकसमोर उभा राहिला. 'स… स…' एवढंच आलं. मान वाकडी झाली, डोळे मिटले, डोळ्यांतून पाणी आलं, जसं जोर लावताना त्याला नेहमी येतं. माईकमधून नुसता श्वासाचा आवाज हॉलभर. कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. तो परत परत प्रयत्न करत होता आणि हॉल रडत होता. शेवटी पुण्याहून आलेला सरांचा पुतण्या उठला, त्यानं गजाननच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईक हातात घेतला. 'ह्यांना बोलवत नाहीये,' तो म्हणाला. 'ह्यातच सगळं आलं. काकांना ह्यापेक्षा मोठी श्रद्धांजली कुठली?' मग सगळे दोन मिनिटं उभे राहिले.

सभा संपल्यावर लोक येऊन गजाननचे हात हातात घेत होते. तो प्रत्येकाला काही सांगायला तोंड उघडायचा, आणि प्रत्येकजण 'कळतं रे, कळतं' म्हणून पाठ थोपटून पुढं जायचा. बाहेर गाड्या सुरू व्हायला लागल्या.

काकू शेवटी आल्या. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'काय बोलायचं होतं तुला?'

पुतण्या त्यांना न्यायला आला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. गजाननला फार वेळ लागला. शिपायानं खुर्च्या उचलायला घेतल्या, फोटोखालची समई विझवली. काकू हलल्या नाहीत.

'सरांनी म-मला शब्द दिला होता,' गजानन म्हणाला, 'व-विचारणार न्हाई म्हणून.'

'मलाही पुष्कळ दिले होते,' काकू म्हणाल्या, आणि पुतण्याला म्हणाल्या, चल.